संगीत स्ट्रीमिंग सेवांची ध्वनिगुणवत्ता

संगीत स्ट्रीमिंग सेवांची ध्वनिगुणवत्ता म्हणजे इंटरनेटद्वारे गीत-संगीत ऐकवणाऱ्या सेवांकडून श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचणारा ध्वनी मूळ ध्वनिमुद्रणाशी किती जुळतो याचे प्रमाण होय. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक, जिओसावन आदी सेवांची तुलना बहुधा बिटदर या एकाच आकड्यावरून केली जाते. प्रत्यक्षात मूळ ध्वनिमुद्रण, संक्षेपणाची पद्धत, इंटरनेटचा वेग, जोडणीचा प्रकार आणि ऐकण्याचे साधन अशा अनेक टप्प्यांतून ध्वनी जातो. त्यांपैकी ज्या टप्प्यावर सर्वाधिक हानी होते, तोच टप्पा अंतिम गुणवत्ता ठरवतो. त्यामुळे एकाच सेवेवरील एकच गीत शहरातील घरी ब्रॉडबँडवर आणि गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यातील एखाद्या गावी मोबाइलवर ऐकले असता निराळे भासू शकते.

## पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. पुढे दीर्घ वादनाच्या तबकड्या व कॅसेट आल्या. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, अर्थात सीडी, बाजारात आली आणि ध्वनी अंकरूपात साठवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली.

सीडीवरील ध्वनी इंटरनेटवरून जसाच्या तसा पाठवणे १९९० च्या दशकातील मंद जोडण्यांना शक्य नव्हते. त्यासाठी ध्वनीचा आकार घटवणाऱ्या पद्धती विकसित झाल्या. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा असलेली एमपी३ ही त्यांतील सर्वाधिक परिचित पद्धत होय. त्यानंतर १९९७ मध्ये एएसी, २००१ मध्ये फ्लॅक, २००२ मध्ये ऑग व्हॉर्बिस आणि २०१२ मध्ये ओपस या पद्धती प्रमाणित अथवा प्रसिद्ध झाल्या. आजच्या बहुतेक सेवा यांपैकीच एखादी पद्धत वापरतात.

भारतीय श्रोत्यांसाठी सावन २००७ मध्ये आणि गाना २०१० मध्ये सुरू झाली. ॲपल म्युझिक २०१५ मध्ये, ॲमेझॉनची संगीतसेवा २०१८ मध्ये, तर स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक २०१९ मध्ये भारतात आल्या. सावन आणि जिओ म्युझिक यांच्या एकत्रीकरणातून २०१८ मध्ये जिओसावन ही सेवा अस्तित्वात आली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्याने या सेवांचा ग्रामीण भागातही प्रसार झाला.

## मूलभूत संज्ञा

### नमुनादर आणि बिट-खोली

ध्वनी ही अखंड लहर असते. ती अंकरूपात साठवताना ठरावीक अंतराने तिची मोजणी केली जाते. एका सेकंदात किती वेळा मोजणी केली, त्या संख्येस नमुनादर म्हणतात. सीडीचा नमुनादर ४४,१०० आहे. नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्येचा ध्वनी अचूकपणे पुन्हा उभा करता येतो. त्यामुळे सीडीवर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी साठवता येतो. मानवी कानाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे २०,००० हर्ट्झ मानली जाते आणि वयपरत्वे ती बरीच खाली येते.

प्रत्येक मोजणी किती बारकाईने नोंदवली, हे बिट-खोलीवरून कळते. १६ बिटमध्ये अतिमंद आणि अतितीव्र ध्वनी यांतील सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते, तर २४ बिटमध्ये ते सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १४४ डेसिबल होते. ध्वनिमुद्रण करताना आणि त्यावर संस्करण करताना २४ बिटचा निश्चित लाभ होतो. केवळ ऐकण्यासाठी १६ बिट बहुतेक प्रसंगी पुरेसे ठरतात.

### बिटदर

एका सेकंदाच्या ध्वनीसाठी जितके बिट खर्च होतात, त्यास बिटदर म्हणतात. तो किलोबिट प्रति सेकंद, म्हणजेच केबीपीएस या एककात मोजतात. सीडीवरील ध्वनीचा बिटदर काढण्यासाठी ४४,१०० हा नमुनादर, १६ बिट आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या यांचा गुणाकार करावा लागतो. तो १,४११.२ केबीपीएस इतका येतो. आठ बिटचा एक बाइट होत असल्याने अशा एका तासाच्या ध्वनीसाठी सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते.

### संक्षेपण

ध्वनीचा आकार घटवण्याच्या क्रियेस संक्षेपण म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत.

* हानिरहित संक्षेपण : यात फाइलचा आकार घटतो, परंतु ती उलगडल्यावर मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात. फ्लॅक आणि ॲपलची एएलएसी या अशा पद्धती आहेत. संगीताच्या स्वरूपानुसार आकार मूळच्या साधारण ५० ते ७० टक्के होतो.
* हानियुक्त संक्षेपण : यात कानाला जाणवणार नाही असा अंदाज असलेला भाग कायमचा वगळला जातो. मोठ्या ध्वनीलगतचा बारीक ध्वनी कानाला ऐकू येत नाही, या श्रवणशास्त्रीय तत्त्वाचा त्यात उपयोग करतात. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस व ओपस या अशा पद्धती होत.

हानियुक्त पद्धतींची कार्यक्षमता सारखी नसते. त्यामुळे दोन भिन्न पद्धतींतील बिटदरांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. २०१४ मध्ये ९६ केबीपीएसच्या आसपास घेण्यात आलेल्या एका सार्वजनिक श्रवणचाचणीत ओपसला सर्वाधिक गुण मिळाले होते आणि १२८ केबीपीएसची एमपी३ तिच्या मागे राहिली होती. अर्थात, आकड्याने लहान असलेला बिटदर प्रत्येक वेळी गुणवत्तेनेही कमी असतोच असे नाही.

## प्रमुख सेवांचे घोषित दर्जे

सेवा आपले दर्जे वेळोवेळी बदलतात, तसेच देश आणि वर्गणीची योजना यांनुसार ते वेगळे असतात. पुढील तक्त्यात सेवांनी जाहीर केलेल्या कमाल मर्यादा दिल्या आहेत.

| सेवा | हानियुक्त दर्जा | हानिरहित दर्जा |
|---|---|---|
| स्पॉटिफाय | ऑग व्हॉर्बिस, विनामूल्य योजनेत १६० व सशुल्क योजनेत ३२० केबीपीएसपर्यंत | फ्लॅक, २४ बिट / ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत |
| ॲपल म्युझिक | एएसी, २५६ केबीपीएस | एएलएसी, २४ बिट / १९२ किलोहर्ट्झपर्यंत |
| ॲमेझॉन म्युझिक | योजनेनुसार भिन्न | फ्लॅक, २४ बिट / १९२ किलोहर्ट्झपर्यंत, काही देशांत |
| यूट्यूब म्युझिक | एएसी व ओपस, २५६ केबीपीएसपर्यंत | नाही |
| जिओसावन | सशुल्क योजनेत ३२० केबीपीएसपर्यंत | नाही |
| टायडल | एएसी, ३२० केबीपीएसपर्यंत | फ्लॅक, २४ बिट / १९२ किलोहर्ट्झपर्यंत |

हानिरहित ध्वनी हा प्रारंभी टायडल व कोबुझ यांसारख्या मोजक्या सेवांचा विशेष होता. ॲमेझॉनने सप्टेंबर २०१९ मध्ये काही देशांत तो उपलब्ध केला. जून २०२१ मध्ये ॲपलने कोणतीही वाढीव वर्गणी न घेता तो दिल्याने ही सुविधा सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत आली. स्पॉटिफायने अशा सेवेची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये केली होती, मात्र ती सप्टेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्षात आली.

## तुलनेतील अडचणी

### भिन्न संस्करणे

एकाच गीताच्या अनेक आवृत्त्या एकाच सेवेवर असू शकतात. तबकडीवरून घेतलेली प्रत, मूळ चुंबकीय फितीवरून घेतलेली प्रत आणि नव्याने संस्करण केलेली प्रत यांत ऐकू येणारा फरक २५६ आणि ३२० केबीपीएस यांतील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. दोन सेवांवर दोन भिन्न आवृत्त्या ऐकून एका सेवेचा ध्वनी सरस ठरवणे ही तुलनेतील नेहमीची चूक होय.

### आवाजाची पातळी

दोन सारख्याच ध्वनींपैकी किंचित मोठा असलेला ध्वनी कानाला अधिक स्पष्ट व भरदार वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही त्यास पुरेसा असतो आणि हा फरक मोठेपणा म्हणून न जाणवता गुणवत्ता म्हणून जाणवतो. निरनिराळ्या गीतांचा आवाज समपातळीवर आणण्याची सोय बहुतेक सेवांत आहे, परंतु प्रत्येक सेवेची पातळी वेगळी आहे. त्यामुळे तुलनेपूर्वी दोन्ही सेवांचा आवाज मोजून समान करणे आवश्यक असते.

### ब्लूटूथ आणि ऐकण्याचे साधन

ब्लूटूथने जोडलेल्या इअरफोनकडे ध्वनी जाताना त्याचे पुन्हा एकदा हानियुक्त संक्षेपण होते. सर्व साधनांत आढळणाऱ्या एसबीसी या पद्धतीत बिटदर सर्वसाधारणपणे ३२८ केबीपीएसच्या आसपास मर्यादित असतो. एलडॅक ही पद्धत ९९० केबीपीएसपर्यंत जाते, तथापि तीही हानियुक्तच आहे. म्हणून प्रचलित ब्लूटूथ इअरफोनवर हानिरहित सेवेचा पूर्ण लाभ मिळत नाही. त्यासाठी तारेचे हेडफोन वापरावे लागतात. २४ बिट / १९२ किलोहर्ट्झ ध्वनीसाठी अनेक फोनना वेगळे ध्वनिरूपांतरक यंत्रही जोडावे लागते. फोनच्या अंगच्या लहान स्पीकरवर खर्जातील स्वर मुळातच उमटत नसल्याने तेथे दर्जांमधील भेद बहुतांशी लोपतो.

## श्रवणचाचण्या

कोणता ध्वनी कोणत्या सेवेचा आहे हे ठाऊक असल्यास श्रोत्याचा कौल पूर्वग्रहाने प्रभावित होतो. हे टाळण्यासाठी अंध चाचणी घेतात. तिच्या प्रचलित प्रकारात श्रोत्याला पहिला व दुसरा असे दोन नमुने ऐकवतात आणि त्यानंतर ऐकवलेला तिसरा नमुना त्यांपैकी कोणता, हे ओळखण्यास सांगतात. केवळ अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. म्हणून तितके यश मिळाल्यास श्रोत्याला फरक खरोखर कळतो असे मानण्यास आधार मिळतो. दोन-तीन वेळा ऐकून काढलेल्या निष्कर्षाला असा आधार नसतो.

सीडीहून उच्च दर्जाच्या ध्वनीविषयी मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजेच निकाल नाणेफेकीपेक्षा वेगळा नव्हता. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. फरक अगदीच नसतो असे यावरून म्हणता येत नाही, परंतु तो अत्यल्प आहे. याउलट ९६ केबीपीएस व त्याखालील दर्जांमधील हानी सामान्य श्रोत्यालाही अनेकदा ओळखता येते. म्हणजेच बिटदराच्या खालच्या पायऱ्यांवर होणारा लाभ मोठा असतो आणि वरच्या पायऱ्यांवर तो झपाट्याने घटत जातो.

## मराठी संगीताच्या संदर्भात

### टाळ, तबला आणि तंबोरा

संक्षेपणाचा परिणाम सर्व वाद्यांवर सारखा होत नाही. भजनातील टाळ व झांज यांचा ध्वनी अतिउच्च कंपनसंख्यांनी भरलेला असतो. कमी बिटदरावर तो पाण्यातून आल्यासारखा लहरता ऐकू येतो. अत्यंत कमी बिटदरासाठी वापरल्या जाणाऱ्या एचई-एएसी पद्धतीत उच्च कंपनांचा भाग मूळ रूपात पाठवलाच जात नाही, तर खालच्या भागावरून तो अंदाजाने उभा केला जातो. तबला किंवा ढोलकीवरील एकाएकी पडणाऱ्या थापेपूर्वी सूक्ष्म खरखर उमटून थापेची धार बोथट होते. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारी उपस्वरांची वलयेही कमी बिटदरावर विरळ होतात. यामुळे सेवांची तुलना करताना टाळ-मृदंगाचे भजन, ढोलकीची लावणी आणि तंबोऱ्याच्या साथीने केलेली आलापी हे नमुने उपयुक्त ठरतात. केवळ एकल गायन व हार्मोनियम असलेल्या मुद्रणात दोष तितक्या सहजी उघड होत नाहीत.

### जुनी ध्वनिमुद्रणे

अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आदींच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील गायन आज स्ट्रीमिंग सेवांवर ऐकता येते. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायकाला कर्ण्यासमोर गावे लागे आणि त्या पद्धतीत सुमारे अडीच हजार हर्ट्झच्या वरील ध्वनी जवळजवळ उमटत नसे. जे मूळ तबकडीतच नाही, ते २४ बिटच्या फाइलमध्येही येत नाही. अशा मुद्रणांत तबकडी किती स्वच्छ होती, ती योग्य वेगाने फिरवली का आणि खरखर काढताना स्वरांची हानी झाली का, यांवरच गुणवत्ता अवलंबून असते. वेग चुकल्यास गायकाची पट्टीच बदलते आणि संगीताच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा दोष कमी बिटदराहून गंभीर असतो.

तथापि खरखर संक्षेपणाला जड जाते. अनियमित असल्याने ती साठवण्यात बरेच बिट खर्च होतात. त्यामुळे जुनी मुद्रणे फार कमी बिटदरावर ऐकू नयेत, असाही या विवेचनाचा एक निष्कर्ष निघतो.

### झाडीपट्टीतील संगीत

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील वनबहुल प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी झाल्यावर येथे रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजेच देसाईगंज हे या रंगभूमीचे प्रमुख केंद्र आहे. नाटकांतील गीते रंगमंचावर प्रत्यक्ष गायिली जातात. येथील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

झाडीपट्टीची नाट्यगीते, दंडार आणि गोंडी भाषेतील रेला गीते श्रोत्यांपर्यंत मुख्यतः यूट्यूबवरील ध्वनिचित्रफितींद्वारे पोहोचतात. मोठ्या ध्वनिमुद्रण संस्थांच्या संग्रहात ती क्वचितच आढळतात. प्रयोग चालू असताना प्रेक्षकांतून मोबाइलवर मुद्रण केल्यास त्यात कर्ण्यांचा आवाज, गर्दी आणि वारा मिसळतो. फोन त्याचे एकदा हानियुक्त संक्षेपण करतो. संदेशवहनाच्या ॲपमधून फीत पुढे पाठवताना दुसऱ्यांदा, तर यूट्यूबवर चढवल्यानंतर तिसऱ्यांदा संक्षेपण होते. प्रत्येक वेळी आधीच्या हानीत नव्या हानीची भर पडते आणि ती कोणत्याही सेवेच्या उच्च दर्जाने भरून निघत नाही. रंगमंचावरील मिक्सरमधून थेट घेतलेली आणि संक्षेपण न केलेली मूळ फाइल जपून ठेवली, तरच पुढे त्यावरून चांगली प्रत काढता येते. ज्या संगीताची सीडी किंवा तबकडी कधी निघालीच नाही, त्याच्या बाबतीत ही मूळ फाइल हीच एकमेव मूळ प्रत असते.

## दुर्गम भागातील वापर

गडचिरोली जिल्ह्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. चामोर्शी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील तालुक्याचे ठिकाण असून मार्कंडा हे तीर्थस्थान याच तालुक्यात आहे. तालुक्याच्या गावापासून जंगलातील वस्त्यांकडे जाताना मनोऱ्यांतील अंतर वाढते व मोबाइलचा संकेत क्षीण होतो. यात्रेसारख्या गर्दीच्या प्रसंगी एकाच मनोऱ्याची क्षमता अनेकांत वाटली गेल्याने चांगला संकेत असूनही वेग घटू शकतो.

डाव्या कडव्या विचारसरणीच्या हिंसाचाराने प्रभावित असलेल्या महाराष्ट्रासह दहा राज्यांतील भागांत केंद्र शासनाने मोबाइल मनोऱ्यांची विशेष योजना राबवली. तिच्या पहिल्या टप्प्यातील मनोरे २जी सेवेचे होते. सामान्य फोनवर २जीच्या एज तंत्राची सैद्धांतिक कमाल गती सुमारे २३७ केबीपीएस असते आणि प्रत्यक्षात ती बरीच कमी मिळते. अशा जोडणीवर ३२० केबीपीएसचा ध्वनी अखंड ऐकणे अशक्य असते. २७ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या टप्प्यातील २,३४३ ठिकाणी ४जी सेवा देण्यास मान्यता दिली. पुरेसा संकेत असलेली ४जी जोडणी सीडी दर्जाचा हानिरहित ध्वनीही वाहून नेऊ शकते.

वेग कमी झाल्यास काही सेवा ध्वनीचा दर्जा आपोआप खाली आणतात. स्पॉटिफायचा सर्वांत कमी दर्जा २४ केबीपीएस, तर यूट्यूब म्युझिकचा ४८ केबीपीएस आहे. स्वयंचलित दर्जा निवडलेला असताना श्रोत्याला हा बदल पडद्यावर सहसा दिसत नाही. क्षीण संकेताच्या ठिकाणी केलेली तुलना त्यामुळे सेवांची न राहता जाळ्याची तुलना होते. तुलनेसाठी दर्जा निश्चित करून ठेवणे किंवा गीते आधी डाउनलोड करून घेणे हा त्यावरील उपाय आहे. डाउनलोडचा दर्जा स्वतंत्रपणे ठरवता येत असल्याने चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी उच्च दर्जात गीते उतरवून ती नेटवर्क नसलेल्या गावी ऐकता येतात. ही सोय बहुतेक सेवांत सशुल्क योजनेतच मिळते. यामुळे दुर्गम भागातील श्रोत्याला सशुल्क योजनेचा लाभ प्रामुख्याने वाढीव बिटदरापेक्षा डाउनलोडच्या सोयीतून होतो.

### डेटाचा वापर

| दर्जा | तासाला लागणारा डेटा | एक जीबीमध्ये ऐकण्याचा कालावधी |
|---|---|---|
| २४ केबीपीएस | सुमारे ११ एमबी | सुमारे ९२ तास |
| ९६ केबीपीएस | सुमारे ४३ एमबी | सुमारे २३ तास |
| १६० केबीपीएस | ७२ एमबी | सुमारे १४ तास |
| ३२० केबीपीएस | १४४ एमबी | सुमारे ७ तास |
| सीडी दर्जा, हानिरहित (सरासरी ८५० केबीपीएस धरून) | सुमारे ३८३ एमबी | सुमारे अडीच तास |
| २४ बिट / १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा हानिरहित दर्जा (सरासरी ३,७३० केबीपीएस धरून) | सुमारे १,६७९ एमबी | सुमारे ३६ मिनिटे |

९६ वरून १६० केबीपीएसवर जाताना तासाला सुमारे २९ एमबी डेटा वाढतो आणि ध्वनीतील सुधारणा अनेकांना जाणवते. सीडी दर्जावरून २४ बिट / १९२ किलोहर्ट्झवर जाताना डेटा चौपटीहून अधिक वाढतो, मात्र श्रवणचाचण्यांत त्याचा लाभ क्वचितच सिद्ध झाला आहे. मर्यादित डेटा असलेल्या श्रोत्यासाठी १६० ते ३२० केबीपीएस हा दर्जा खर्च आणि गुणवत्ता यांचा मेळ साधणारा ठरतो.

## हे सुद्धा पहा

* ध्वनिमुद्रण
* एमपी३
* कॉम्पॅक्ट डिस्क
* झाडीपट्टी रंगभूमी
* चामोर्शी